लोगोचा जेपीजी पीएनजी केला तरी पांढरा चौकोन जात नाही

मंडळाचा लोगो जेपीजीमधे आहे, टीशर्टवाल्याला मागे काही नसलेला पीएनजी हवाय. ऑनलाइन कन्व्हर्ट केला, फाइल पीएनजी झाली पण लोगोमागचा पांढरा चौकोन तसाच, आणि साइज उलट वाढली. काय करू?

— कन्व्हर्टरने त्याचं काम बरोबर केलंय. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही, त्यामुळे तो पांढरा रंग हे खरे पिक्सेल आहेत आणि पीएनजी ते जसेच्या तसे ठेवतो, म्हणून साइज पण वाढते. पांढरं तुम्हालाच काढावं लागेल. गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात लेयरला आधी अल्फा चॅनल (पारदर्शकता साठवणारा भाग) जोडा, मग फझी सिलेक्टने (एकसारख्या रंगाचा सलग भाग निवडणारं टूल) बाहेरचा पांढरा भाग निवडून डिलीट, मग एक्सपोर्ट करून पीएनजी. "कलर टू अल्फा" नका वापरू, ते तो रंग सगळीकडूनच पारदर्शक करतं, लोगोच्या आतलं पांढरं पण जाईल.

— वरचं बरोबर, पण जेपीजीत कडेला जे धुरकट ठिपके येतात ते पीएनजी केल्याने जात नाहीत हो, गेलेली माहिती परत येत नाही. ज्याने लोगो बनवला त्याच्याकडे मूळ फाइल मागा, एसव्हीजी किंवा सीडीआर (कोरलड्रॉची फाइल), त्यातून थेट पीएनजी काढा, छपाईला फार फरक पडतो.

— आणि टीशर्टवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवलंत तर पारदर्शकता गेलीच समजा.

— धन्यवाद सगळ्यांना! डिझायनरकडे सीडीआर आहे म्हणाला, आज रात्री मागवतो.