गावी जाताना ४० फुटी ट्रेलर कुठे लावायचा?

प्रश्न: १२ दिवस गावी जायचंय. गाडी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला लावू की वडाळ्याच्या? सर्व्हिस रोडवर बरेच ट्रेलर उभे असतात, तिथे चालेल का?

उत्तर १: सर्व्हिस रोड नकोच भाऊ. डिझेल, बॅटरी, स्टेपनी, याच क्रमाने चोरीला जातं. टोइंगचा दंड वेगळा. न्हावा शेवा बंदराचं काम असेल तर कळंबोली सोयीचं. आधी रिकामा कंटेनर यार्डात जमा करा, नाहीतर शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) चढत राहतं. पावतीवर गाडी नंबर, तारीख, स्टेपनीसकट टायरची संख्या लिहून घ्या. नुसतं 'पार्किंग' लिहिलेली पावती म्हणजे रद्दी.

उत्तर २: जागा रात्री जाऊन बघा, दिवसा सगळीच बरी दिसते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, डिझेल टाकीला कुलूप लावा, टायरच्या नंबरांचे फोटो काढा.

उत्तर ३: घोडा (पुढचं इंजिनवालं वाहन) सोडवून नेणार असाल तर ट्रेलरच्या पुढच्या टेकूच्या पायांखाली जाड फळ्या हव्यातच. पावसात माती भुसभुशीत होते, पाय रुततात, मग किंगपिन (ट्रेलर घोड्याला जोडणारी खालची पिन) खाली जाते आणि घोडा परत जोडताना घाम फुटतो. किंगपिनला लॉक, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

प्रश्नकर्ता: घोडा सोडत नाही. कळंबोलीच बघतो, रात्रीच जाऊन.