अभ्यासकेंद्रातला भाषावर्ग रिकामा पडू नये म्हणून काय करावं?

सातपुडा_पायथा:
अचलपूर तालुक्यात मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. बी.ए.चे तीसेक विद्यार्थी, निम्मे घरी वऱ्हाडी बोलणारे, बाकीचे कोरकू. गृहपाठ मराठीत लिहिताना अडतात. रविवारच्या संपर्कसत्रानंतर दीड तास भाषा आणि लेखनासाठी काढता येतो. एक खोली, एक जुना संगणक. काय घ्यावं, कसं घ्यावं?

कपाशी_तूर:
भाऊ, आधी शेताचं पाहा. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी जोरात, मजुरी किलोवर. पोरगं वर्गात बसलं की तेवढी मजुरी बुडाली. मग तूर, मग हरभरा. मोकळा महिना कोणताच नाही. म्हणून 'मागच्या रविवारी आपण पाहिलं' असं म्हणावं लागेल असा अभ्यासक्रमच आखू नका. प्रत्येक तास त्याच दिवशी पुरा झाला पाहिजे. तीन आठवडे चुकलेला विद्यार्थी मग लाजेनं येतच नाही, वर्ग रिकामा होतो तो त्यानं. वेळही शेवटच्या एसटीच्या अर्धा तास आधी संपवा.

शुद्धलेखन_वही:
वऱ्हाडी मुलांच्या चुका वाटेल तशा नसतात, ठरलेल्या असतात. 'ळ'चा 'य' (शाया, डोया), 'ण'चा 'न' (पानी), 'मला'चं 'मले'. लाल शाई नको. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा: डावीकडे घरची बोली, उजवीकडे गृहपाठाची मराठी. श्रुतलेखन ६० ते ७० शब्दांचंच घ्या. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा तुकड्यातुकड्यानं लिहायचं, तिसऱ्यांदा तपासायचं. महिनाभरात उलटी चूक दिसू लागेल, 'सोय'चं 'सोळ'. घाबरू नका राजेहो, नियम डोक्यात शिरल्याचीच ती खूण.

कोरकूचं दुखणं वेगळं आहे. ती मुंडा कुळातली भाषा. तिच्यात नामांची विभागणी सजीव आणि निर्जीव अशी. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग हे मराठीचं त्रांगडं तिथं नाहीच. म्हणून 'माझी दगड' लिहिलं जातं. लिंगाचे नियम पाठ करून घेण्यात अर्थ नाही, 'दगड'ला कोणता नियम सांगाल? शब्द एकटा देऊच नका, विशेषणासकट द्या: काळा दगड, काळी माती, काळं रान. एका तासाला आठ जोड्या, त्याहून जास्त नाही.

सातपुडा_पायथा:
हे लगेच करता येईल. लिहिलेलं टाइप करून भित्तिपत्रक काढायचं आहे, पण संगणकावरची फाईल मोबाईलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

कळफलक:
जुना फॉन्ट आहे, दुसरं काही नाही. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. पुढचं सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर देवनागरीच दिसेल अशा पद्धतीत, टाइप करा. मोबाईलवरचा मराठी कळफलक युनिकोडच आहे, विद्यार्थ्यांना तो येतोच. आणि 'वऱ्हाड' लिहिताना नेहमीचा 'र' वापरला तर रफार होऊन 'वर्हाड' होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा लागतो. भित्तिपत्रकाच्या मथळ्यातच ही चूक हमखास असते!

जात्याची_ओवी:
भित्तिपत्रकासाठी निबंध मागू नका, 'पावसाळा' आणि 'माझे गाव' येईल. आजीच्या ओव्या, कोरकू गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा. विमान मोड चालू, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब. टिनाच्या छपराखाली पावसात बसूच नका. ध्वनिमुद्रण एका मिनिटाचं पुरे. पाच मिनिटांचं उतरवायला बसलं की सगळा तास त्यातच जातो. कोरकू देवनागरीत लिहितात, त्यामुळे मूळ ओळ वर आणि मराठी अर्थ खाली, असं एकाच कागदावर बसतं. गाणाऱ्या बाईला भिंतीवर लावायचं आहे हे आधी सांगा आणि नाव टाकायचं का तेही विचारून घ्या.

सातपुडा_पायथा:
दीड तासाची वाटणी?

शुद्धलेखन_वही:
श्रुतलेखन २५ मिनिटं, जोड्या १५ मिनिटं, उरलेला वेळ ध्वनिमुद्रण ऐकून उतरवायला. वीज गेली तर ध्वनिमुद्रणाचं आधी घ्या, मोबाईल चार्ज असेतोवर.