स्विमिंग पूलभोवतीचा कोबा फोडून नवा करायचाय

निपाणीकडची काळी जमीन. घरामागच्या पूलभोवतीचा कोबा एका बाजूला उचललाय, पूलच्या कडेलाही भेग गेलीय. त्यावरच नवा थर टाकला तर चालेल का?

उत्तर १
नको हो. दोष खालच्या मातीत आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा थरही तसाच फुटणार. जुना कोबा काढा, निदान दोन फूट माती उपसा, मुरूम 150 मिमीच्या थरांनी पाणी मारून रोलरनं दाबा. वर 100 मिमी एम-25 (मजबुतीचा दर्जा) काँक्रीट, त्यात 8 मिमी सळयांची दर 200 मिमीवर जाळी, काँक्रीटच्या वरच्या निम्म्यात. तळाला पडलेली जाळी भेग रोखत नाही. पूलची भिंत आणि कोबा यांत 12 मिमी फट ठेवून पॉलिसल्फाइड (रबरासारखं लवचिक सीलंट) भरा. तुमच्याकडे बहुधा ही फटच नाही, म्हणून कडेला भेग.

उत्तर २
वरचं बरोबर. उतार पूलपासून बाहेर, मीटरला 20 मिमी, आणि पाणी चरातून लांब न्या. मुरमात मुरलं तर काळी माती परत फुगेल. दर अडीच मीटरवर 25 मिमी खोल जॉइंट (भेग तिथंच पडावी म्हणून खाच) दुसऱ्या दिवसाच्या आत कापा. गवंड्याला वर कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका, पापुद्रे निघतात. ओल्या पायांसाठी झाडूचा खरखरीत फिनिशच हवा.

प्रश्नकर्ता
पीपीसी (फ्लाय अ‍ॅशसारखी पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट चालेल?

उत्तर १
चालेल, पण दहा दिवस कोब्यावरची ओली पोती हलवू नका. काम पावसाळ्याआधी उरका.