मदत हवी आहे: लुकलुकत्या लाइटने भाचीला फिट येते
भाची १३ वर्षांची आहे, मे मध्ये लोकलच्या खिडकीत बसलेली असताना ऊन खांबांमधून लपलप डोळ्यावर येत होतं तेव्हा फिट आली, मग परत एका हळदीत डीजे लाइटमध्ये. ईईजीत (मेंदूच्या लहरींची तपासणी) लाइट फ्लॅश केल्यावर बदल दिसले, डॉक्टर म्हणाले रिफ्लेक्स एपिलेप्सी (ठराविक गोष्टीमुळे फिट येते ती), फोटोसेन्सिटिव्ह प्रकार, म्हणजे लाइटमुळे येणारी. सेकंदाला १५ ते २० वेळा लुकलुकणारा लाइट जास्त वाईट म्हणे. गोळ्या चालू आहेत, आणि असा लाइट आला की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, नुसते मिटून चालत नाही, हे ती बिचारी नीट करते. पण आता गणपती आलेत, ताई तिला बाहेरच सोडत नाहीये, पोरगी रडून रडून बेजार. कोणाकडे असं आहे का? निळ्या काचेच्या चष्म्याने खरंच फरक पडतो का, मुंबईत कुठे मिळेल? आणि शाळेत तुम्ही काय सांगून ठेवलंत?