जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीचा रंग काढायचाय, सुरुवात कुठून करू?

तळ्याकाठचा
मिनेसोटात असतो. शेजारच्या आजोबांनी त्यांची १४ फुटी रिव्हेटवाली बोट जवळपास फुकटातच दिली. वर हिरवा रंग, त्याखाली लाल, आणि सगळ्यात खाली पिवळट-हिरवट काहीतरी. ग्राइंडरला वायर ब्रश लावून हातभर जागा मोकळी केली, चकाचक झाली पण दोन तास गेले त्यात. दुकानात एकजण म्हणाला ड्रेन क्लीनर ओत, रंग सोलून निघेल. करू का? मे महिन्यात वॉलआय माशाच्या मासेमारीचा सीझन उघडतो त्याआधी पाण्यात उतरवायचीय.

गॅरेजवाला_काका
अरे बाबा थांब!! ड्रेन क्लीनर म्हणजे बहुतेक कॉस्टिक सोडा, तो रंगाबरोबर पत्रापण खातो आणि वर हायड्रोजन सुटतो. जर्मनच्या पातेल्यात धुण्याचा सोडा उकळला की कसं काळं पडतं, तो हा त्याचा थोरला भाऊ. आणि स्टीलचा वायर ब्रश आत्ताच्या आत्ता बंद कर, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, ओल लागली की तिथेच गंज आणि खड्डे. सँडब्लास्टिंगवाल्याकडेही नेऊ नको, एवढा पातळ पत्रा वाकडा होतो.

रंगारी_ऑनलाइन
ते पिवळट म्हणजे झिंक क्रोमेट प्रायमर असू शकतो, जुन्या अ‍ॅल्युमिनियमवर तोच मारायचे. त्यातलं क्रोमियम कॅन्सरवालं आहे, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवायची नाही, आत्तापर्यंत उडवलीस ती ओल्या फडक्याने पूस, झाडू नको. शिशाचं टेस्ट किट आणशील तर ते क्रोमियमसाठी नसतं हे लक्षात ठेव.
स्ट्रिपर (रंग सोलणारं रसायन) घे, डब्यावर अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं लिहिलेला. मिथिलीन क्लोराइडवाला जालीम माल २०१९ पासून तिकडे घरगुती गिऱ्हाइकाला मिळत नाही, आता बेन्झाइल अल्कोहोलवाले, ते आळशी. जाड थर दे, वर प्लास्टिक झाक, रात्रभर ठेव, सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने ओढ. गारठलेल्या गॅरेजात काही होणार नाही, उबदार दिवस बघ. ग्लोव्हज घाल हे सांगायला नको.

तळ्याकाठचा
बापरे, मी तर नुसता कापडी मास्क लावून घासत होतो 😬 मग सगळंच काढायचं का?

गॅरेजवाला_काका
कशाला? जे घट्ट बसलंय ते राहू दे, कडा ओल्या पॉलिशपेपरने सपाट कर. सुटलेलं तेवढंच काढ. गोड्या पाण्यात तळ बिनरंगाचा ठेवला तरी चालतो, निम्मं काम तिथेच वाचलं.
आणि रंगाआधी बोट ट्रेलरवर असतानाच आत चार-पाच इंच पाणी भर, खालून कुठला रिव्हेट ठिबकतो त्यावर मार्करने खूण कर. जास्त भरू नको, पाण्याचं वजन लई असतं. रिव्हेटच्या फटीतला स्ट्रिपर नीट धुऊन काढ नाहीतर नवा रंग तिथूनच फुगणार. मोकळा पत्रा घासला की त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा पहिला हात, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही.

रंगारी_ऑनलाइन
+१. आणि तांबंवाला अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ धरू नये म्हणून मारायचा रंग) कोणी फुकट दिला तरी घेऊ नको, तांब्याशेजारी अ‍ॅल्युमिनियम सडतं.

तळ्याकाठचा
पाणी भरलं. अकरा खुणा झाल्यात 😭 रंगाचं नंतर बघू, आधी रिव्हेट.