सोया कमी करायचंय, डब्यात काय नेऊ?

गंगापूररोडकर: दोन वर्षं दूध-दही पूर्ण बंद आहे. सकाळी सोया दूध, डब्यात सोयावड्या, रात्री टोफू. आता पोट जड होतं, कंटाळाही आलाय. प्रथिनं कुठून मिळवू?

पंचवटीची मावशी: अगं, नाशकात राहून मटकी विसरलीस? रात्री भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची. दह्याशिवायही मिसळ झकास लागते. आणि हुलग्याचे शेंगोळे कर, लसूण-मिरचीचं वाटण लावून. माझ्या मते थंडीत त्याला तोड नाही. भाजीत दाण्याचं कूट सढळ घाल, 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात.

सातपूरकर: कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तीळ. बी12 मात्र डाळींतून मिळत नाही, गोळीचं डॉक्टरांना विचारा.

गंगापूररोडकर: शेंगोळे! आजी गेल्यापासून घरात झालेच नाहीत. मावशी, रविवारी करते. पीठ घट्टच मळायचं ना?