त्सेत्से माशी: टार्गेटं लावूनही गुरं खंगतायत, काय चुकतंय?

क्वालेकर
केनियाच्या क्वाले काउंटीत, शिंबा हिल्स अभयारण्याला लागून ४० एकर शेत आहे. ३५ गुरं, निम्मी झेबू (वशिंडवाली), निम्मी संकरित. नगाना, म्हणजे त्सेत्सेच्या चाव्यातून पसरणारा ट्रिपॅनोसोमा परजीवीचा रोग, काही हटत नाही. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकात भिजवलेल्या निळ्या-काळ्या कापडाची चार टार्गेटं गोठ्याभोवती लावली आहेत, प्रत्येकाशेजारी अ‍ॅसिटोन आणि गोमूत्राच्या बाटल्या. एक एनजी२जी सापळाही आहे, त्यात माश्या पूर्वीइतक्याच सापडतात. डिमिनाझिन हे नगानाचं औषध टोचलं की जनावर उठतं, महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. टार्गेटं वाढवावीत का? आणि औषध लागू पडेनासं झालंय का, हे कसं ओळखायचं?

कीटकभिंग
वाढवू नका. तुमच्याकडे मुख्यतः ग्लॉसिना पॅलिडिपीस ही त्सेत्सेची जात असणार. तिच्यासाठी वासाचं आमिष लावलेली मोठी टार्गेटं साधारणपणे चौरस किलोमीटरला ४ लावतात. ४० एकर म्हणजे ०.१६ चौ. किमी. म्हणजे तुमची घनता आधीच सहापट आहे. तुम्ही मारताय त्या माश्या रोज रानातून नव्याने येतात, आणि ही जात दिवसात किलोमीटरभर सहज सरकते.

या माशीचं प्रजनन फार संथ असतं. मादी अंडी घालत नाही. पोटात एका वेळी एकच अळी, तीही आईच्या दुधासारख्या स्रावावर पोसलेली. दर ९-१० दिवसांनी एक पूर्ण वाढलेली अळी बाहेर येते, लगेच मातीत शिरून कोष करते आणि माशी निघायला महिनाभर लागतो. त्यामुळे नेहमीच्या मरणाच्या वर रोज आणखी ४ टक्के माद्या मारल्या, तर एकटी पडलेली वसाहत संपते. झांझिबारच्या उंगुजा बेटावर आधी गुरांवर कीटकनाशक आणि टार्गेटं वापरून माश्या कमी केल्या, मग विमानातून वंध्य नर सोडले; शेवटची रानटी माशी १९९६ मध्ये सापडली. पण ते बेट होतं. तुमच्या शेताला एक बाजू कायम उघडी आहे.

म्हणून टार्गेटं गोठ्याजवळून काढा आणि रानाकडच्या हद्दीवर ओळीने लावा. गोठ्याशेजारी अ‍ॅसिटोन ठेवणं म्हणजे माश्यांना पत्ता देणं. कापडाची खालची कड जमिनीपासून अर्धा मीटर वर हवी. भोवतालचं २-३ मीटर गवत काढा, नाहीतर पावसाळ्यात टार्गेट गवतात बुडून जातं.

कापडही तपासा. बाजारातलं कुठलंही निळं कापड चालत नाही. अतिनील किरण परतवणारा रंग असेल तर माशी फिरकतच नाही, आपल्या डोळ्याला मात्र तो तसाच निळा दिसतो. निळ्याकडे ती लांबून येते आणि टेकते ती बहुतेक काळ्यावर, त्यामुळे औषध काळ्या भागावर नीट मुरलेलं हवं. आणि सगळं बरोबर केलं तरी मातीतले कोष शाबूत असतात. पहिले दीड-दोन महिने सापळ्यातला आकडा पाहून निराश होऊ नका.

दावणीचा_डॉक्टर
वरच्या मताशी सहमत, पण तुमच्या जागी भर गुरांवरच द्यावा. चालतं-फिरतं टार्गेट तेच. त्सेत्से बहुतेक पायांवर आणि पोटाखाली बसते, तीही मोठ्या जनावरांवर. वासरं शेपटी आणि पाय झाडून तिला फार बसू देत नाहीत. त्यामुळे बैल आणि मोठ्या गाई घ्या, आणि फक्त चारही पाय व पोट फवारा. ५ टक्के डेल्टामेथ्रिन, लिटरला १ मिली. पाठ, मान, वशिंड कोरडं राहिलं तरी चालेल. औषध कमी लागतं, शेणात कमी उतरतं आणि शेणकिडे वाचतात. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. फवारल्यावर लगेच ओढ्यातून गुरं नेलीत तर पायावरचं औषध गेलंच समजा. बहुतेकांचं इथेच फसतं.

डिमिनाझिनबद्दल. मात्रा किलोला ३.५ मिग्रॅ, खोल स्नायूत. ७ टक्के द्रावण असेल तर १०० किलोला ५ मिली. वजन अंदाजाने ठरवू नका, छातीचा घेर टेपने मोजा. ३०० किलोची गाय २२० ची धरली की पाव डोस कमी पडतो. परजीवी मरत नाही, शिकून तयार होतो. ‘औषध लागू पडत नाही’ यातल्या बऱ्याच तक्रारी अशाच असतात.

ओळखायचं असं: टोचल्यावर १४ व्या दिवशी कानाच्या शिरेतून केशनळीत रक्त घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि तांबड्या पेशींच्या वरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्याच नळीत पीसीव्हीही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, मोजता येतो. २५ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. इतक्या लवकर परजीवी दिसला तर आधी डोसवर, मग औषधावर संशय घ्या. १४ व्या दिवशी स्वच्छ आणि दीड महिन्याने पुन्हा पॉझिटिव्ह, तर बहुधा नवी लागण. तुमच्या वर्णनावरून मला ही दुसरी शक्यताच, नवी लागण, वाटतेय.

तसं असेल तर माश्यांच्या मोसमाआधी आयसोमेटामिडियम हे प्रतिबंधक औषध, किलोला ०.५ ते १ मिग्रॅ. दोन ते चार महिने संरक्षण मिळतं. टोचलेल्या जागी गाठ येते, म्हणून मानेत आणि दरवेळी बाजू बदलून. वर्षभर एकच औषध चालवू नका, दोन्ही आलटून-पालटून वापरा.

रानमाशी
एक पुरवणी. शिंबा हिल्समध्ये ऑस्टेनी आणि ब्रेव्हिपाल्पिस या जातीही आहेत. एनजी२जी सापळा पॅलिडिपीससाठी बनलाय, या दोघी त्यात फारशा येत नाहीत. सापळा रिकामा झाला म्हणून फवारणी थांबवू नका. निर्णय पीसीव्हीवर घ्या. ब्रेव्हिपाल्पिस तिन्हीसांजेला चावते, त्यामुळे गुरं उन्हं कलायच्या आत रानकडेवरून परत आणा.

वर्धेकर
अवांतर: ही माशी विदर्भात येऊ शकते का? आणि तिच्यामुळे माणसांना होणारी निद्रारोगाची साथ?

दावणीचा_डॉक्टर
त्सेत्से सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेतच आहे. आपल्याकडे नगानाचा चुलतभाऊ आहे: सर्रा हा रोग, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीचा. तो टॅबॅनससारख्या मोठ्या चावऱ्या माश्यांच्या सोंडेवरून थेट पसरतो, माशीच्या पोटात वाढावा लागत नाही. माणसाच्या रक्तातलं एक प्रथिन त्याला मारतं. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनीच्या एका शेतकऱ्याला तो झाला, कारण त्याच्या रक्तात ते प्रथिन, एपोएल१, नव्हतंच. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. क्वालेकर, माणसांच्या निद्रारोगाची धास्ती नको. केनियात तो पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराकडे असे, आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो केनियातून संपल्याचं मान्य केलं.

क्वालेकर
टार्गेटं उद्याच हलवतो. राखणीचा कुत्राही खंगलाय, उरलेलं डिमिनाझिन त्याला टोचू का?

दावणीचा_डॉक्टर
अजिबात नको. कुत्र्याला मात्रा थोडी जास्त झाली तरी मेंदूत रक्तस्राव होतो. आधी रक्त तपासून घ्या, मग वजन करून तिथल्या पशुवैद्याच्या हातूनच. आणि कालवलेलं द्रावण साठवून ठेवू नका, उरलं तर टाकून द्या.